दीड हजारावर अडलेला काटा

पेट्रोल इंजिनाचं सगळ्यात अवघड काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, उभ्या गाडीत चालू राहणं. घाट चढताना त्याला जोर लागतो खरा, पण तिथे हवा भरपूर, पेट्रोल भरपूर, आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं. सिग्नलला पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला की हवेचं दार जवळपास मिटतं. उरते एक बारीक फट. तेवढ्या हवेवर इंजिनाने स्वतःला फिरवायचं, अल्टरनेटर फिरवायचा, पाण्याचा पंप फिरवायचा. बंद पडायचं नाही आणि धावायचंही नाही. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर त्या मिनिटात १,६०० वेळा ठिणगी पडून पेट्रोल पेटतं, आणि प्रत्येक वेळी ते आधीच्याइतकंच पेटावं लागतं. एखादं कमीजास्त झालं तर वेगात कळत नाही. उभ्या गाडीत मात्र स्टिअरिंगवर ठेवलेल्या बोटांना लगेच कळतं.

गॅरेजमध्ये याला ‘स्लो’ म्हणतात. ‘स्लो सेट आहे का बघ’, ‘स्लो चढलाय’. आमच्या गाडीचा स्लो गेल्या पावसाळ्यात चढला. गाडी जुनी, ॲक्सिलरेटरला तार असलेली. पाय दाबला की तार ओढली जाते आणि हवेची झडप उघडते, एवढा सरळ व्यवहार. कर्वे रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण काढला तरी गाडी पुढे रेटत राहायला लागली. नळ स्टॉपला थांबताना ब्रेक नेहमीपेक्षा जोरात दाबावा लागे. क्लच दाबला की आवाज चढे आणि काटा दीड हजारावर जाऊन तिथेच अडे. शेजारचा रिक्षावाला मान वळवून बघायचा. त्याला वाटत असणार, सिग्नल सुटायच्या आधीच बाईंनी रेस द्यायला सुरुवात केली.

सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर काटा वर असणं हा दोष नव्हे, हे मला ठाऊक होतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, तेल घट्ट असतं, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम हवा आणि पेट्रोल वाढवतो. डिसेंबरातल्या पहाटे पुण्यात काटा तेराशे-चौदाशेवर दिसला तर ते योग्यच. तापमान चढतं तसा तो आपोआप उतरतो आणि साडेसातशे ते साडेआठशेच्या मध्ये कुठेतरी स्थिरावतो. आमचा काटा उतरतच नव्हता. वनाजपासून डेक्कनपर्यंत आलं, इंजिन पुरतं तापलं, तरी दीड हजार. तक्रार तिथून सुरू होते. ती नेमकी सांगता आली पाहिजे, असं मला वाटतं. थंड असताना होतं की गरम असताना, एसी लावल्यावर की एसी बंद असताना, गाडी उभी असताना की उतारावर, हे सांगणारा गिऱ्हाईक मेकॅनिकचं अर्धं काम वाचवतो.

पहिल्या गॅरेजात मी हे सगळं सांगितलं. तिथे प्लग बदलले. मग थ्रॉटल बॉडी काढून धुतली. त्यात खरंच काजळी होती, त्यामुळे ते काम वाया गेलं असं म्हणता येत नाही. मग आयडल व्हॉल्व्ह नवीन बसवला. झडप मिटलेली असताना बाजूच्या छोट्या वाटेने मोजून हवा आत सोडणारा हा भाग. कार्बन साठून तो अर्धवट उघडा अडकला तर काटा चढतो, हेही खरंच. नवीन व्हॉल्व्ह बसल्यावर एक दिवस काटा हजारावर आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा दीड हजार. मधल्या काळात पीयूसीची मुदत संपली म्हणून तपासणी करून घेतली. सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडे आले, प्रमाणपत्र हातात. बीएस-४ पेट्रोल गाडीला उभ्या इंजिनात कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो. आमचा आत होता. कॉम्प्युटर वाढलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल घालत होता, त्यामुळे धूर स्वच्छ. इंजिन विनाकारण दुप्पट फिरतंय, पेट्रोल जळतंय, क्लच आणि ब्रेक झिजतायत, यातलं काहीच त्या कागदावर उमटत नाही. तो कागद एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर आहे. बाकीचे प्रश्न त्याला कुणी विचारलेलेच नसतात.

दत्तवाडीतल्या ज्या गॅरेजात शेवटी गाडी नेली, तिथल्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. ते हे काम पद्मिनी आणि अँबेसिडरवर शिकले. त्या गाड्यांत कॉम्प्युटर नव्हता, कार्बोरेटर होता, आणि स्लो बसवायचे दोन स्क्रू. एक झडप किती मिटते ते ठरवणारा, दुसरा पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवायचा, इंजिन सगळ्यात मोकळं कुठे होतं ते ऐकायचं, मग पहिल्या स्क्रूने वेग खाली आणायचा, पुन्हा मिश्रणाकडे यायचं. तंबोरा जुळवताना एक तार लागली की दुसरी पुन्हा तपासावी लागते, तसं आलटून पालटून चालायचं, आणि शेवटी सगळा निकाल कानावर. मामा सांगतात, मुंबईत जुळवलेली गाडी घाट चढून आली की इथे तिचा स्लो जड व्हायचा. हवा विरळ, आणि कार्बोरेटरला ते कळायची सोय नाही. तो पेट्रोल पूर्वीइतकंच देत राहायचा. मग पुण्यात पुन्हा अर्धा फेरा स्क्रू फिरवावा लागे.

हे सगळं ज्ञान एका झटक्यात निरुपयोगी होईल असं त्या पिढीला वाटलं होतं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. पुणे ठरावीक मोठ्या शहरांच्या यादीत असल्यामुळे इथे बीएस-३ २००५ मध्ये आलं आणि बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये, बाकी देशाच्या आधी. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी इंजेक्टर आले, सेन्सर आले, आणि स्टिअरिंगच्या खाली स्कॅनर लावायचं सॉकेट आलं. कित्येक मिस्त्रींनी त्या वेळी नव्या गाड्यांना हात लावणंच सोडलं. मामांनी स्कॅनर घेतला. त्यांच्याकडे आता औंधच्या आयटीआयमधून शिकून आलेला एक मुलगा आहे. तो आकडे वाचतो, मामा त्या आकड्यांना प्रश्न विचारतात. दोघांचं काम बघत मी तिथे जवळजवळ सगळी सकाळ उभी राहिले, आणि हा लेख लिहावासा वाटला तो त्या सकाळीमुळे.

मामांनी आधी बोनेट उघडून नुसतं पाहिलं. ॲक्सिलरेटरची तार बोटाने हलवली. तिच्यात थोडी ढील होती, म्हणजे ती झडप ओढून धरत नव्हती. मग झडपेच्या टोकाशी असलेल्या बारीक स्क्रूकडे बोट केलं. “याला कुणीतरी हात लावलाय.” कारखान्यात हा स्क्रू बसवला की त्यावर रंगाचा ठिपका देतात. आमच्या गाडीवरचा ठिपका तुटला होता. स्लो खाली येईना म्हणून कुणीतरी तो उलटा फिरवून पाहिला असणार. त्यांनी तो लगेच पूर्ववत केला नाही. “आत्ता हलवला तर खरं कारण लपेल.” आधी शोध, मग दुरुस्ती, असा त्यांचा क्रम. मला तो फार मोलाचा वाटतो.

मग किल्ली फिरवली, पण इंजिन सुरू केलं नाही. मुलाने स्कॅनर लावला आणि वाचलं, “मॅप ९५.” मामा म्हणाले, “बरोबर.” मी विचारलं, बरोबर म्हणजे काय? इंजिनाच्या हवेच्या पोटात, मॅनिफोल्डमध्ये, दाब मोजणारा एक सेन्सर असतो. इंजिन बंद असताना आत आणि बाहेर एकच हवा, म्हणून त्याने बाहेरच्या वातावरणाचा दाब दाखवायला हवा. मुंबईत तो साधारण १०१ किलोपास्कल येतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं वर, इथे ९५ च्या आसपास. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. ज्या गोष्टीचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, ती विचारून साक्षीदार पारखायचा, मगच त्याच्या बाकीच्या सांगण्यावर भरवसा ठेवायचा. पद्मिनीच्या काळी स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्यात जो घाट मोजला जायचा, तोच इथे आकड्यात आला होता, आणि मामांना तो आकडा परका वाटला नाही.

पुढचा साक्षीदार इंजिनाचं तापमान सांगणारा. गाडी रात्रभर तिथेच उभी होती, त्यामुळे पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान सारखं असायला हवं होतं. होतं, दोन्ही २६. हा सेन्सर बिघडला तर काय होतं ते मामांनी सांगितलं. त्याच्या वायरचा संपर्क तुटला की काही गाड्यांत स्कॅनरवर चक्क उणे ४० दिसतं. बाहेर एप्रिल आहे, सिंहगड रस्त्यावर डांबर मऊ झालंय, आणि कॉम्प्युटर समजतोय की आपण बर्फात आहोत. तो प्रामाणिकपणे पेट्रोल वाढवतो, हवा वाढवतो, काटा चढवतो. दुसरा प्रकार याहून जास्त भेटतो. गाडी तापते या भीतीने थर्मोस्टॅटच काढून टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन पुरतं तापतच नाही, आणि कॉम्प्युटरला वाटतं की अजून सकाळच आहे. अशा गाडीत एकही भाग बिघडलेला नसतो, एक भाग फक्त काढून टाकलेला असतो, आणि तो तिथे नाही हे पुढच्या मेकॅनिकला कोण सांगणार?

आमच्या गाडीत थर्मोस्टॅट होता. इंजिन सुरू केलं, पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत थांबलो. तापमान ८९. झडपेचा सेन्सर सांगत होता, मिटलेली आहे. एसी बंद. काटा दीड हजारावर. मुलाने एक ओळ वाचली आणि मामांनी त्याला ती पुन्हा वाचायला लावली. आयडल व्हॉल्व्ह: शून्य.

त्या शून्याचा अर्थ कळला तेव्हा मला इंजिनाबद्दल एकदम वेगळंच वाटायला लागलं. कॉम्प्युटरला वेग जास्त आहे हे माहीत होतं. तो कमी करायला त्याच्या हातात एकच वाट होती, बाजूची हवा बंद करणं. ती त्याने मिटत मिटत पूर्ण मिटवली होती. याच्यापलीकडे त्याला काही करता येत नव्हतं. पहिल्या गॅरेजने जो व्हॉल्व्ह दोषी ठरवून बदलला, तो आधीपासून आपलं काम पूर्ण करून बसला होता. नवा आला, त्यानेही तेच केलं. हवा दुसरीकडूनच आत शिरत होती. दाब मोजणारा सेन्सर तीही हवा मोजायचा, कॉम्प्युटर तिच्या हिशेबाने पेट्रोल द्यायचा, आणि इंजिन मिळेल तेवढं घेऊन धावायचं. म्हणून धूर स्वच्छ, म्हणून डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. ज्या गाड्यांत दाबाऐवजी आत येणारी हवाच तोंडाशी मोजतात, तिथे अशी चोरवाटेने आलेली हवा हिशेबात येत नाही. पेट्रोल कमी पडतं, इंजिन थरथरतं, दिवा लागतो, आणि गुन्हा लवकर उघडकीस येतो. आमच्या गाडीत सगळे आपापलं काम इतकं चोख करत होते की बिघाड झाकला जात होता.

“आता हवा कुठून खातेय ते बघू.” मामांनी एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप काढला आणि थ्रॉटल बॉडीच्या तोंडावर तळवा घट्ट ठेवला. हवेची अधिकृत वाट बंद झाली. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं होतं. ते चालूच राहिलं. मुलगा माझ्याकडे बघून हसला. ही युक्ती कार्बोरेटरच्या काळातली, तिला स्कॅनर लागत नाही. पण स्कॅनरने शून्य दाखवलं नसतं तर ती याच वेळी, याच जागी करून बघायचं सुचलं नसतं, असं मामांनीच सांगितलं. मोठ्या वर्कशॉपमध्ये या टप्प्यावर मशीनने आत धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. काही ठिकाणी सांध्यांवर स्प्रे मारतात. गरम इंजिनावर ज्वालाग्राही फवारा मारणं मामांना मान्य नाही, आणि मलाही नाही.

त्यांनी हातभर लांबीचा रबरी पाइपचा तुकडा घेतला. एक टोक कानाला, दुसरं टोक मॅनिफोल्डच्या कडेकडेने. पॅकिंगजवळ काही नाही. मग ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी. तिथे ते जास्त वेळ थांबले. ब्रेकचं पेडल हलकं लागतं ते याच निर्वात ओढीमुळे, त्यामुळे इथे गळती असती तर प्रश्न नुसता काट्याचा राहिला नसता. मुलाला ब्रेक दाबायला सांगितला. आवाजात फरक नाही. मग बारीक नळ्या एकेक करून पक्कडीच्या तोंडावर कापड गुंडाळून हलकेच दाबायला सुरुवात केली. पहिली, काही नाही. दुसरी, काही नाही. इंजिनाच्या आतले वायू पुन्हा मॅनिफोल्डमध्ये नेणारी एक कोपऱ्यातली नळी आहे, काटकोनात वळलेली. ती दाबली आणि गाडीचा आवाज खाली बसला. काटा नऊशेवर. सोडली, दीड हजार. पुन्हा दाबली, नऊशे.

नळी वरून चांगली दिसत होती. काढल्यावर वाकाच्या आतल्या बाजूला, इंजिनाकडे तोंड करून, बोटाच्या पेराएवढी चीर. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर कडक झालं होतं. थंड असताना चीर मिटलेली, तापलं की उघडायची. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली येऊन बसतात आणि अशाच नळ्या कुरतडतात, म्हणून मामांनी दातांच्या खुणा शोधल्या. नव्हत्या. निव्वळ वय. मुलगा स्कूटरवरून नाना पेठेत जाऊन नवी नळी घेऊन आला. ती बसली, तुटक्या ठिपक्याचा स्क्रू मूळ जागी गेला, आणि मग इंजिन आधी एसी बंद ठेवून, मग एसी लावून, नुसतं चालू ठेवलं. इतके दिवस चुकीच्या हवेशी जुळवून घेतलेला कॉम्प्युटर नवा हिशेब शिकत होता. काटा डुगडुगत उतरला आणि ८०० च्या जरासा वर थांबला. एसी लावल्यावर साडेनऊशे, कारण कॉम्प्रेसर फिरवायला तेवढं लागतंच.

वेताळ टेकडीवर फिरायला जाते तेव्हा एआरएआयच्या आवाराकडे आता माझं जास्त लक्ष जातं. १९६६ पासून ही संस्था इथे वाहनं तपासते. देशातल्या किती तरी मॉडेल्सना रस्त्यावर यायची परवानगी इथल्या चाचण्यांनंतर मिळते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना या शहरात १९४६ ची, टाटांचा पिंपरीचा कारखाना साठच्या दशकातला, इंडिका १९९८ मध्ये तिथूनच निघाली. आकुर्डी, चाकण, सगळीकडे इंजिन बनवणारी माणसं. इंजिन काय आहे हे या शहराला जितकं कळतं तितकं फार थोड्या शहरांना कळत असेल. आणि याच शहरात गाडीचं बिल बघितलं तर त्यात वस्तू असतात. प्लग, व्हॉल्व्ह, क्लीनर, ऑइल. शोधण्याची ओळ नसते. गिऱ्हाईक नव्या व्हॉल्व्हचे काही हजार मुकाट्याने देतो, कारण खोका हातात मिळतो. त्याच्या निम्मे पैसे ‘काय बिघडलंय ते शोधलं’ म्हणून मागितले तर तो भांडतो, ‘नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?’ मग गॅरेजवाला बघणं सोडतो आणि बदलणं सुरू करतो. पहिल्या गॅरेजने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. ज्याचे पैसे मिळतात ते काम त्यांनी केलं. ज्याचे मिळत नाहीत ते राहिलं. हा व्यवहार आपण गिऱ्हाइकांनी घडवला आहे, आणि तो बदलायचा असेल तर पहिला हात आपल्या खिशाकडे जायला हवा.

मामांनी बिल केलं: नळी, दोन क्लिपा, मजुरी. मजुरी इतकी कमी की मला ती वाचवेना. नळी बसवायला लागलेल्या वेळाची होती ती. मी म्हटलं, “मामा, सकाळपासून जे केलंत ते यात कुठंय?” ते म्हणाले, “मॅडम, ते कसं लिहायचं?” मी सांगितलं, सगळ्यात वर लिहा, तपासणी, आणि मला व्हॉल्व्हला जेवढे पडले तेवढे लावा. त्यांनी निम्मे लिहिले. मी आकडा खोडून पूर्ण केला आणि पैसे दिले. दिवाळीनंतर ब्रेकचं काम आहे, त्याच्याही बिलात पहिली ओळ तपासणीचीच राहील, आणि तिची रक्कम काम सुरू व्हायच्या आधी ठरेल, असं आम्ही तिथे उभ्याउभ्याच ठरवलं.